बरडावरची बदली

मे महिन्यात नाचणगावात दहानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. चोवीस तारखेला नीरज मात्र साडेदहाला गाडीवर बसला. पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी, हँडलला पाण्याची कॅन, डोक्याला ओला दुपट्टा.

"ऊन लागून पडले त मले फोन नका करू," त्याची बायको जया दारातून म्हणाली. "फोटोच काढाचे हायेत त संध्याकाळी काऊन नाई काढत?"

"संध्याकाळी सावल्या येतेत."

जयाने कपाळाला हात लावला आणि दार लोटून घेतलं. तिचंही चूक नव्हतं म्हणा. नीरजचा धंदा गावात कुणालाच धड कळलेला नव्हता. तो विमानतळ विकायचा.

म्हणजे असं. जगात हजारो माणसं घरी कॉम्प्युटरपुढे बसून विमान उडवतात. त्यांच्याकडे विमानाचं सुकाणू असतं, पायाला पेडल असतं, आणि कामधंदा आटोपला की ती मुकाट्याने ढगात निघून जातात. त्या खेळात जगातले सगळे विमानतळ असतात खरे, पण बहुतेक नुसते खोक्यासारखे. हुबेहूब विमानतळ हवा असेल तर तो वेगळा विकत घ्यायचा. मोठ्या शहराचा घेतला तर दोन हजार रुपये सहज जातात.

जे विमान उडतच नाही, ते उतरवायच्या जागेला दोन हजार का द्यायचे? नीरजनेही पुण्यात नोकरीला असताना हाच प्रश्न विचारला होता आणि मग सतराशे रुपये भरले होते. परदेशातल्या कुठल्याशा किनाऱ्यावरचा तो लहानसा विमानतळ. तिथे तो आयुष्यात जाणार नव्हता. खेळात तिथे विमान उतरवलं, इंजिन बंद केलं, आणि अर्धा तास समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत बसला. पन्हळीखाली गंजाचा एक ओघळ होता. कुणीतरी तिथे जाऊन तो गंज बघितला होता, मनात धरला होता आणि जसाच्या तसा उतरवला होता. धावपट्टीला कोण पैसे देतो? कुणीतरी त्या जागी उभं होतं, याचे ते पैसे, हे नीरजला त्या दिवशी कळलं. पुढे नोकरी सोडून तो गावी आला आणि स्वतःच हे काम करू लागला.

त्या दिवशी तो निघाला होता बरडावर. गावापासून सहा-सात किलोमीटरवर, मुरमाड माळावर, लढाईच्या काळातली एक धावपट्टी पडून होती. पुढे कापसावर फवारणी करणारी विमानं तिथे काही वर्षं उतरली, आणि मग तीही बंद झाली. नीरजचे आजोबा तानबा तिथे चौकीदार होते. नीरज जन्मायच्या आधीच ते गेले. यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं, कारण त्याचे वडील चंद्रभान त्या जागेचं नावसुद्धा काढत नसत. आता महिनाभरात ती धावपट्टी उखडून तिथे सौर ऊर्जेची पॅनेलं बसायची होती. त्याआधी तिचे फोटो काढून ठेवायचे, असं नीरजने ठरवलं.

आणि फोटो भर दुपारीच हवेत. खेळातला सूर्य आपल्या सावल्या पाडत असतो. फोटोतच एखादी सावली आली तर खेळात तिथे दोन सावल्या दिसतात आणि सगळं खोटं वाटायला लागतं. म्हणून असे कारागीर ढगाळ दिवसाची वाट पाहतात. नीरजने त्याहून बरा दिवस निवडला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी येते की सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. बरडावर ती वेळ होती बारा वाजून बारा मिनिटं.

माळावर चिटपाखरू नव्हतं. डांबर उन्हाने मऊ होऊन त्याचा उग्र वास सुटला होता. एका टोकाला पत्र्याची खोली आणि तिच्यापुढे सिमेंटचा एक गोल, माणूस उभा राहील एवढा. नीरजने एकेक चौरस मीटरचे फोटो घेतले. बारा वाजून बारा मिनिटांनी त्याची स्वतःची सावली गेली. तो त्या गोलापाशी होता. वारा अजिबात नव्हता, तरी कुठेतरी कापड फडफडल्याचा आवाज आला. मग विडीचा वास आला, ताज्या विडीचा. त्याने मागे वळून पाहिलं. लांबवर थरथरणारं ऊन, दुसरं काही नाही. उन्हाने डोकं फिरायला लागलं असं म्हणून त्याने भराभर उरलेले फोटो घेतले आणि गाडीला किक मारली.

घरी पडद्यावर फोटो मोठे करून बघताना गोलावर एक डाग दिसला. लांबट, काळपट, एका बाजूला काठीसारखी रेघ. संध्याकाळी पाच वाजता उभ्या माणसाची पडावी तशी सावली म्हटलं तर सावली, पण बारा वाजता सावली कुठली? जुनं तेल सांडलं असेल. पुसून टाकायला दोन मिनिटं लागली असती. नीरजने तो ठेवला. डागालाच तर लोक पैसे देतात.

पावसाळ्यात बरडावर नांगर फिरला. गोल, खोली, डांबर, सगळं गेलं. ती जागा आता फक्त नीरजच्या कॉम्प्युटरवर उरली. फेब्रुवारीत काम पुरं झालं आणि किंमत ठरवायची वेळ आली, तेव्हा चंद्रभान पहिल्यांदा त्या खोलीत येऊन बसले. सत्तरीचे गृहस्थ, पण अजून पहाटे उठून वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पुलगावच्या बाजारात नेत. मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली. सायकलच्या हँडलवर मूठ असली की वेळ दिसते, म्हणत. त्यांनी पडद्यावर नजर टाकली नाही. जमिनीकडे बघत म्हणाले,

"केवढ्याले देशीन?"

"तीनशे नव्व्याण्णव."

"रिकाम्या रानाचे चारशे? कोण घेईन?"

"मोठे विमानतळ दोन हजाराले जातेत, बाबा."

"तिथं इमान उतरते म्हणून जात असन." चंद्रभान म्हणाले. "माह्या सांभाराचा भाव सकाळी वीस, अन् दुपारून पाच. सुकते म्हणून. तुह्या मालाले सुकणं नाई. जे सुकतच नाई त्याचा भाव कसा लावतेत?"

नीरजला हसू आलं. त्याने तीनशे नव्व्याण्णवच ठेवले. पहिल्या महिन्यात एकसष्ट प्रती गेल्या. रिकाम्या रानाच्या मानाने वाईट नव्हतं.

मार्चमध्ये पहिलं पत्र आलं. दूरदेशीच्या एका निवृत्त बसचालकाने लिहिलं होतं: जागा सुंदर, पैसे वसूल. विशेषतः तो झेंडेवाला. विमानाला झेंड्याने खुणावणारा असा कुणी माणूस नीरजने केलाच नव्हता. माणूस दुसऱ्या कुणाच्या विमानतळाशी गोंधळला असेल, असं समजून त्याने सोडून दिलं. आठवड्याभरात आणखी तिघांनी तेच लिहिलं. चौथ्याने व्हिडिओच पाठवला.

दुपारची वेळ होती. कूलर घरघरत होता, पडदे ओढलेले होते. नीरजने व्हिडिओ लावला. विमान बरडावर उतरलं, हळू झालं, आणि समोर सिमेंटच्या गोलात एक माणूस उभा होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पांढरं फडकं, हातात हिरवा झेंडा. त्याने उजवा हात तीनदा वर केला आणि सावकाश खाली आणला. हात सरळ वर जात नव्हता. कोपरात वाकडा होता.

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला. चंद्रभान दारात उभे होते आणि पायाशी पाण्याचा गडवा गडगडत होता.

"बा…" ते म्हणाले.

नीरजने त्यांना धरून खाटेवर बसवलं. मग भिंतीकडे तोंड करून, बाजाराचा हिशेब सांगावा अशा आवाजात त्यांनी सांगितलं.

"बैलानं पाडलं होतं बाले, तवापासून कोपर वाकडं. आमी दोघंबी होतो चौकीवर. सकाळी बा, बारापासून मी. नेम असा का झेंडा जमिनीवर ठेवाचा नाई, हातातून हातात द्याचा. बदली आल्याबिगर गोल सोडाचा नाई. सत्त्याहत्तरचा मे होता. सायबाचा निरोप आलता का इमान येनार हाय. बा सकाळी जातानी मले म्हणे, बाराले येजो." त्यांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "वर्ध्याले सर्कस आलती. मी म्हणलं, एक खेळ पाहू, एका घंट्यानं काय होते. बा त हायेच तिथं. पोचलो त साडेचार झालते. बा गोलातच होता, गुडघे टेकून. झेंडा उभाच्या उभा. बोटं सोडवाले दोन माणसं लागले."

"अन् विमान?"

"आलंच नाई."

कूलर तेवढा चालू होता. सत्तेचाळीस वर्षं या माणसाने हे पोटात ठेवलं, पहाटे उठून भाजी विकली, मुलाला शिकवलं, आणि एकदाही बोलला नाही. नीरजने पडलेला गडवा उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी चंद्रभान स्वतःच कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. नीरजने विमान बरडावर उतरवलं. त्याच्याही कॉम्प्युटरवर आता तो माणूस होता. आपणच बांधलेल्या जागेत, आपण न ठेवलेला.

"तिथं किती वाजले?" चंद्रभाननी विचारलं.

"आपण ठेवू तेवढे. ज्याच्या त्याच्या मर्जीवर."

"मंग त्याची संध्याकाळ कवा होते?"

नीरजने घड्याळ फिरवलं. पडद्यावर सूर्य कलला. खोलीची सावली लांब झाली, विमानाची झाली. माणसाच्या पायाशी तोच एक डाग होता, जागचा न हललेला. तो झेंडा धरून तसाच उभा.

"संध्याकाळ झाल्यानं ड्युटी सुटत नाई," चंद्रभान हळूच म्हणाले. "बदली याले पायजे. तिथं त आता रानबी नाई रायलं. कुठं जाऊन देऊ बदली…"

"बाबा, उठा. चहा घेऊ."

चंद्रभान उठले नाहीत. पुढे वाकून त्यांनी उजवा हात पडद्याच्या काचेला लावला.

"बा, मी आलो. उशीर झाला मले. झेंडा दे… तू जाय आता."

विमानाकडे बघणाऱ्या त्या माणसाने मान वळवली. नीरजने असे पुतळे शेकड्यांनी बांधले होते. त्यांची मान कशी वळते हे त्याला ठाऊक होतं, आणि ही तशी वळली नव्हती. वाकडा हात खाली आला. माणूस गोलाबाहेर पडला, खोलीला वळसा घालून रस्त्याकडे गेला आणि दिसेनासा झाला. मागे गोल रिकामा राहिला.

चंद्रभान रडत होते. हुंदके देऊन, लाज न बाळगता. त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. जेवायला बसले तेव्हा ती सुटेना. जयाने कोमट पाणी ओतून, चेष्टा करत करत एकेक बोट सोडवलं. "मामाजी, एवढं काय धरून ठेवलं? मले देता का?" तेही हसले. पहिल्यांदाच त्या घरात इतकं मोकळं हसू ऐकू आलं. त्या दुपारी चंद्रभान गाढ झोपले.

संध्याकाळी ते नीरजला म्हणाले, "बाच्या जागेचे पैसे नको घेऊ. फुकट दे. ज्याले उतराचं त्याले उतरू दे. लय वाट पाह्यली त्यानं इमानाची."

नीरजलाही ते पटलं. आनंदात होता तो. सुकत नाही त्या मालाचा भाव शेवटी सापडला, असं त्याला वाटलं. त्याने तीनशे नव्व्याण्णव खोडून शून्य केलं. फुकट म्हटल्यावर लोक काय तुटून पडतात ते सांगायला नको. आठ दिवसांत अकरा हजार जणांनी बरड आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला.

पहिल्यांदा पाहिलं ते जयाने.

"मामाजींचा हात पहा," ती नवव्या दिवशी म्हणाली. "झोपीत वर करून राह्यले."

चंद्रभान दुपारचे आतल्या खोलीत पडले होते. डोळे मिटलेले. उजवा हात सावकाश वर जात होता आणि तितक्याच सावकाश खाली येत होता. तीनदा. मग थोडं थांबून पुन्हा. जागे झाले की हात दुखतो म्हणायचे, स्वप्न काही आठवायचं नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. शिरेचा त्रास असेल, म्हणाले. पुढल्या आठवड्यात त्यांची झोप वाढली. सकाळी अकराला डोळा लागायचा तो दिवेलागणीपर्यंत उघडायचा नाही. मग पहाटेचं उठणंही बंद झालं. पंधरा दिवस ते शेतात गेले नव्हते, खोलीचे पडदे ओढलेले होते, तरी त्यांचा चेहरा आणि उजवा हात उन्हाने रापून काळा पडला, आणि नाकावरची कातडी सोलून निघाली. जया त्यांच्या ओठांना ओलं फडकं लावत बसायची. ओठ पुन्हा कोरडे व्हायचे.

मग त्या निवृत्त बसचालकाचं पत्र आलं. नवा झेंडेवाला अधिकच चांगला जमलाय, त्याने लिहिलं होतं. हा हात अगदी सरळ वर करतो. फक्त एक विचारायचं होतं. हा सारखा मनगट उलटं करून काय बघतो?

नीरजने त्याच क्षणी बरड विक्रीतून काढून टाकला. पण काढला म्हणजे काय केलं? दुकान बंद झालं. अकरा हजार घरांत गेलेला माल थोडाच परत येतो. गोल पुसून टाकलेली सुधारित प्रत त्याने रात्रंदिवस खपून तयार केली आणि सगळ्यांना कळवलं की जुनी काढा, ही घ्या. चारशे जणांनी घेतली. बाकीच्यांना आहे तेच आवडत होतं. आपण किंमत ठेवली असती तर, हा विचार त्याला जेवू देत नव्हता. चारशे रुपये म्हटलं की माणूस दहादा विचार करतो. एकसष्ट जण होते, एकसष्टच राहिले असते, कधीतरी कंटाळले असते. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर बरडावर विमान उतरवायचाही धीर केला नाही. उतरवलं तर वडिलांचा हात आणखी एकदा वर जाईल.

मे लागला. एका सकाळी तो खाटेशी बसला होता. चंद्रभानच्या अंगाला डांबराचा वास येत होता. हात वर गेला, खाली आला. वर गेला, खाली आला. जगाच्या पाठीवर कुणीतरी चहाचा कप बाजूला ठेवून, खुशीत, एका रिकाम्या रानात उतरत होता, आणि त्याच्यामागे दुसरा, आणि त्याच्यामागे तिसरा. नीरजने तो हात दोन्ही हातांनी धरून खाली दाबला. हात थांबला नाही. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हाताने त्याला बसल्या जागेवरून उठवलं.

"बाबा," तो म्हणाला, "सोडा ना तो झेंडा. कोणी येत नाई तिथं. खरं इमान नाई ते."

चंद्रभानचे डोळे मिटलेलेच होते. ओठ मात्र हलले. आवाज लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा होता.

"नीरज…"

"हाव, बाबा. हाय मी."

"बाराले येजो."

जया दारात उभी होती. तिने ते ऐकलं. तिने नीरजच्या शर्टाची बाही मुठीत धरली. एक जण गोलात उभा राहिल्याशिवाय दुसरा सुटत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि जो उभा राहील त्याला सोडवायला नंतर कोण यायचं, हेही दोघांच्या मनात एकदमच आलं.

बाजूच्या खोलीत कॉम्प्युटर बंद होता. खिडकीबाहेर ऊन पांढरं झालं होतं. किती वाजले ते बघायला नीरजने हात वर केला, आणि त्याला मनगट उलटं करावं लागलं. घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला होती. सकाळी त्याने ते तसं बांधलं नव्हतं. बाराला दहा मिनिटं कमी होती.